जुन्या लेन्सची साक्ष

दोन वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या एका गावातून मला फोन आला. गावातली जुनी मस्जिद पाडून त्या जागी दुमजली मस्जिद बांधायचे कमिटीत जवळपास ठरले होते. फोन करणारे बुजुर्ग कमिटीचेच सदस्य. म्हणाले, "तुम पुराने जमाने का लिखते ना, तो एक बार आके फोटो निकाल के रख लेव. बाद में बोलेंगे, किसीने बताया नई."

मी गेलो. विटा-चुन्याच्या जाड भिंती, सागवानी खांब, खांबांवर कोरीव तुळया आणि मेहराबीच्या कमानीवर चुन्यात उठवलेली वेलबुट्टी. मस्जिद लहानशीच. आत चार सफा, एका सफेत बारा माणसे जेमतेम. टेपने मोजली तर मेहराबीची भिंत बावीस फूट लांब निघाली आणि समोरची भिंत तिच्यापासून सोळा फुटांवर. ताजमहालाचा फोटो जगात कुणाकडेही मिळेल. या मस्जिदीचा मिळणार नव्हता. ती पडली की तिचे जे काही उरेल ते माझ्या कॅमेऱ्यातच, याची जाणीव आत पाऊल टाकतानाच झाली.

पहिल्याच फोटोला अडलो. समोरच्या भिंतीला पाठ टेकवून उभा राहिलो तरी मेहराबीची पूर्ण भिंत चौकटीत मावेना. माझा कॅमेरा साधा, छोट्या सेन्सरचा. त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स. पंधरा फुटांवरून ती जास्तीत जास्त साडेएकोणीस फूट भिंत दाखवते. दोन्ही टोके कापली जात होती. तुकडे जोडता आले असते, पण जोडलेल्या फोटोत सांधा कुठे आणि खरी भिंत कुठे, हा प्रश्न कायमचा राहतो. म्हणून त्या दिवशी नुसती मापे घेऊन परत आलो.

परभणीत एक स्टुडिओवाले मामू आहेत. माझ्या खालाच्या निकाहचे फोटो त्यांनीच काढले होते. स्टुडिओ आता बंद आहे. मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला. त्यांना अडचण सांगितली तेव्हा त्यांनी कपाटातून मलमलीत गुंडाळलेली एक लेन्स काढली. २०-३५ मिलिमीटरची, एफ २.८ ची, अर्ध्या किलोहून जड. नव्वदच्या दशकात त्यांनी ती घेतली तेव्हा तेवढ्या पैशांत स्कूटर आली असती, असे ते सांगतात. निकाह, वलीमे, पुढाऱ्यांच्या सभा, उर्स, पूर, सगळे या लेन्सने पाहिले आहे. एका वरातीत ती खालीही पडली होती. मामू म्हणाले, "लेन्स बूढी हुई है, अंधी नई हुई. मगर कां-कां झूट बोलती, वो पहले देख ले."

हा लेख त्या 'देखण्याचा' आहे. लेन्स कोणत्या कंपनीची ते मुद्दाम सांगत नाही. तीस वर्षे वापरलेल्या आणि एकदा पडलेल्या एका नगाचे दोष कंपनीच्या माथी मारणे बरोबर नाही.

रुंद नजरेची तारीख

खोलीत उभे राहून पूर्ण खोली टिपायची गरज फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. सुरुवातीच्या लेन्सने इमारतीचा फोटो काढला की कडेच्या भिंती पोट सुटल्यासारख्या बाहेर वाकत. १८६६ साली लंडनच्या डॉलमेयर यांनी आणि जर्मनीच्या स्टाइनहाइल यांनी जवळपास एकाच वेळी यावर उपाय काढला. अ‍ॅपर्चरच्या पुढे आणि मागे सारखीच भिंगे बसवली की एका बाजूचा वाक दुसरी बाजू खोडून काढते. अशा लेन्सला 'रेक्टिलिनियर' म्हणू लागले, म्हणजे सरळ रेष सरळ ठेवणारी. १९०० साली जर्मनीच्या गोएर्झ कंपनीने 'हायपरगॉन' काढली. तिची नजर १३० अंशांहून रुंद होती, पण कोपऱ्यांत अंधार पडे. म्हणून लेन्ससमोर चांदणीच्या आकाराचा एक छोटा पंखा बसवला होता. फोटो घेताना रबरी फुगा दाबून हवेने तो फिरवायचा, म्हणजे मधला उजेड अडे आणि कोपऱ्यांना वाटा मिळे. रुंद लेन्सला कोपरे कायमच जड गेले आहेत.

पुढे छोट्या फिल्मचे कॅमेरे आले. त्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो. आरसा हलायला जागा हवी, म्हणून लेन्सची बैठक फिल्मपासून चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर दूर ठेवावी लागते. २० मिलिमीटरची साधी लेन्स तर फिल्मच्या फार जवळ बसावी लागेल आणि आरसा तिच्यावर आदळेल. १९५० साली फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने 'रेट्रोफोकस' रचनेची लेन्स आणून ही गाठ सोडवली. पुढे प्रकाश फाकवणारी भिंगे, मागे गोळा करणारी. त्यामुळे लेन्स फिल्मपासून दूर राहूनही रुंद पाहू लागली. या सोयीची किंमत म्हणजे जास्त भिंगे, जास्त वजन आणि वाकलेल्या रेषांचे पुनरागमन.

झूम त्याच्या पुढची पायरी. साध्या कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम 'झूमार' १९५९ मध्ये आली, पण ती ३६ ते ८२ मिलिमीटरची होती, रुंद नव्हे. निकॉनची पहिली रुंद झूम, २८-४५, १९७५ ची. आणि वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांना हवी होती तशी, अंधारातही चालणारी २०-३५ एफ २.८ कॅननने १९८९ मध्ये आणि निकॉनने १९९३ मध्ये दिली. गर्दीत घुसून, पुढाऱ्यापासून चार फुटांवर उभे राहून व्यासपीठासह पूर्ण सभा टिपायची, तीही लेन्स न बदलता, हे तिचे काम. पाठोपाठ १९९६ मध्ये कॅननची आणि १९९९ मध्ये निकॉनची १७-३५ आली. मामूंची लेन्स या पिढीतली आहे.

मग डिजिटल कॅमेरे आले आणि या लेन्सवर विचित्र वेळ आली. १९९९ च्या निकॉन 'डी-१' मध्ये सेन्सर फिल्मपेक्षा लहान होता. फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद, सेन्सर चोवीसच्याही आत. लेन्स तेच चित्र पाडते, पण कॅमेरा त्याचा मधला भागच घेतो. २०-३५ ची नजर आक्रसून ३०-५२ सारखी झाली. महागडी रुंद लेन्स एका रात्रीत साधारण झाली. कंपन्यांनी छोट्या सेन्सरसाठी १२-२४ सारख्या नव्या रुंद लेन्स काढल्या आणि जुन्या कपाटात गेल्या. २००२ मध्ये कॅननने फिल्मच्या मापाचा सेन्सर असलेला ११ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला. २००५ मध्ये तो थोडा आवाक्यात आला. २००७ मध्ये निकॉननेही तसा कॅमेरा काढला. कपाटातल्या लेन्सला तिची पूर्ण नजर परत मिळाली. आज असे कॅमेरे जुन्या बाजारात बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. माझा भाचा लग्नांचे फोटो काढतो, त्याच्याकडे २४ मेगापिक्सेलचा आहे. तो मी चार दिवस मागून घेतला.

आता हिशेब सोपा झाला. चौकटीची रुंदी ३६ मिलिमीटर. तिला लेन्सच्या आकड्याने भागायचे आणि अंतराने गुणायचे. २० मिलिमीटरवर पंधरा फुटांवरून सत्तावीस फूट भिंत दिसते, २४ वर साडेबावीस, २८ वर एकोणीसच्या थोडी वर. मस्जिदीची भिंत बावीस फुटांची. म्हणजे २४ हा आकडा नेमका बसत होता.

दकनचे फोटो कुणी काढले

लेन्स तपासण्याआधी मी हा खटाटोप का करतो आहे ते सांगतो.

हिंदुस्थानात इमारतींच्या नोंदीसाठी कॅमेरा फार लवकर आला. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. १८५५ मध्ये थॉमस बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याला कंपनी सरकारने विजापूरच्या इमारती टिपायला पाठवले. त्यांचे काम पिगू नावाच्या डॉक्टरांनी पुढे नेले आणि त्यातून १८६६ मध्ये विजापूरच्या वास्तूंवर ग्रंथ निघाला. अजिंठ्याची चित्रे नकलून काढायला आलेल्या रॉबर्ट गिल यांनी नंतर कॅमेराही हाती घेतला. त्यांचे फोटो फर्ग्युसन यांच्या १८६४ च्या पुस्तकात आले.

निझामाच्या मुलुखात लाला दीनदयाळ आले. मीरतजवळच्या सरधन्यात १८४४ मध्ये जन्म, रुडकीला इंजिनिअरिंगचे शिक्षण, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी. सहावे निझाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर केले आणि 'राजा' हा किताब दिला. इमारतीकडे ते इंजिनिअरच्या डोळ्याने पाहत. दौलताबाद, वेरूळ, औरंगाबादचा बीबीचा मकबरा यांचे त्यांचे फोटो आजही कुठली भिंत कुठे होती ते सांगतात. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते काढले. त्याचे प्रमुख गुलाम यझदानी. फोटोंच्या आधारे अजिंठ्याच्या चित्रांचे चार खंड त्यांनी १९३० ते १९५५ या काळात छापले, १९४७ मध्ये बीदरच्या इमारतींवर मोठा ग्रंथ दिला. एका मुस्लिम संस्थानातल्या मुस्लिम अधिकाऱ्याने बौद्ध लेण्यांवर हयात घालवली, हे आज आवर्जून सांगावे लागते.

आमचा परभणी जिल्हा याच संस्थानात होता. इथल्या भागातले औंढा नागनाथाचे मंदिर हेन्री कझिन्स यांच्या १९३१ च्या दकनच्या मंदिरांवरील ग्रंथात आले. औंढा आता हिंगोलीत आहे, १९९९ पर्यंत परभणीतच होते. पण ही सगळी थोर वास्तूंची नोंद. तिला सरकारी खाते, छावणी, काचेच्या प्लेटा वाहणारे हमाल लागत. चार सफांची मस्जिद, गावची बारव, पडका वाडा, तालुक्याच्या गावातली सराई यांच्यासाठी कुणी प्लेट खर्ची घातली नाही. ही नोंद आता आपणच करायची आहे, हाती असलेल्या साधनांनी. म्हणून जुनी लेन्स किती भरवशाची, हा माझ्यासाठी इतिहासाचा प्रश्न आहे. आपण बखर वाचतो तेव्हा लिहिणारा कुणाच्या पदरी होता ते आधी पाहतो. लेन्सलाही तसेच विचारावे लागते.

विटांची भिंत

पहिली तपासणी टॉर्चची. लेन्सचे दोन्ही झाकण काढून मागून उजेड टाकला. आत धूळ होती. धुळीने फोटो बिघडत नाही, तिला घाबरू नये. आमच्याकडे पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. सुदैवाने ती नव्हती. मधल्या भिंगांवर मात्र फिक्या दुधासारखा एक थर होता. वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यांत आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसते, तसा.

दुसरी तपासणी विटांच्या भिंतीची. ट्रायपॉड लावला. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा, नाहीतर एक कोपरा पुसट आला तर दोष लेन्सचा की आपला ते कळत नाही. यासाठी एक जुनी युक्ती आहे. भिंतीला छोटा आरसा सपाट चिकटवायचा आणि कॅमेऱ्यातून पाहायचे. आरशात आपलीच लेन्स बरोबर मध्यभागी दिसली की कॅमेरा समांतर आहे. मग २०, २४, २८ आणि ३५ वर, २.८ पासून १६ पर्यंत प्रत्येक अ‍ॅपर्चरला एकेक फोटो.

संगणकावर पाहिल्यावर पहिल्यांदा निराशा झाली. २० वर एफ २.८ ला मधली वीट खणखणीत, पण कोपऱ्यातल्या विटा ओल्या कागदावर शाई फुटावी तशा. त्यांच्या कडांना एकीकडे लाल, दुसरीकडे हिरवी किनार. पण निकाल देण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

एक, आपण पाहतो किती जवळून. २४ मेगापिक्सेलचा फोटो सहा हजार ठिपके रुंद असतो. साध्या मॉनिटरवर तो शंभर टक्के मोठा केला म्हणजे पाच फूट रुंद फोटोला नाक लावून पाहण्यासारखे आहे. मामूंच्या काळात या लेन्सचा फोटो पोस्टकार्डाएवढ्या कागदावर किंवा वर्तमानपत्राच्या जाड ठिपक्यांत छापला जाई. कोपरे तेव्हाही असेच होते. ते कुणी पाहिले नव्हते एवढेच.

दोन, फिल्म आणि सेन्सर यांत फरक आहे. फिल्मवर तिरका प्रकाश पडला तरी ती तो निमूट घेते. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर चिमुकले भिंग असते आणि वर काचेची तावदाने. कोपऱ्यात फार तिरके किरण आले तर ते नीट आत उतरत नाहीत. शिवाय सेन्सर चकचकीत असतो. त्याच्यावरून उलटलेला उजेड लेन्सच्या मागच्या काचेवर आपटून परत येतो. पुढच्या काळातल्या लेन्स हे गृहीत धरून बनवल्या गेल्या. नव्वदच्या दशकातल्या लेन्सच्या कारागिरांसमोर फिल्म होती.

अ‍ॅपर्चर बारीक करत गेलो तसे चित्र सुधारले. ५.६ ला कोपऱ्यांतला अंधार गेला. ८ ला २४ आणि २८ वर कोपऱ्यातली वीट मोजता येऊ लागली. १६ ला सगळे पुन्हा थोडे मऊ झाले. फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, तिथे नव्या लेन्सचेही काही चालत नाही. रंगीत किनार अ‍ॅपर्चरने गेली नाही, पण ती सॉफ्टवेअरमध्ये एका खुणेने जाते. २० वर विटांच्या ओळी मधे फुगीर होत्या, २८ पर्यंत जवळपास सरळ झाल्या. हा वाकही सॉफ्टवेअरने काढता येतो.

एक दोष मात्र गेला नाही. डावी बाजू उजवीपेक्षा पुसट आहे. २० वर ११ ला सुद्धा फरक दिसतो, २४ वर ८ ला अगदी थोडा उरतो. वरातीत पडली तेव्हा आतले एखादे भिंग किंचित सरकले असणार. इथे लेन्स खोटे बोलते, आणि हे खोटे सॉफ्टवेअरने खरे होत नाही.

वालूरची बारव

सेलू तालुक्यातल्या वालूरला एक बारव आहे. तिच्या पायऱ्या गोलाकार फिरत खाली उतरतात, शंखाच्या आतल्या वळणासारख्या. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी तिच्यातला गाळ-कचरा काढला आणि ती पुन्हा उजेडात आली. मी लेन्स घेऊन तिथे गेलो, कारण वर्तुळासारखा कडक परीक्षक दुसरा नाही.

काठावरून २० वर फोटो घेतला. बारव पूर्ण मावली, पण कडेचे दगड ताणलेले, लांबट. मधले दगड नेहमीचे. हा लेन्सचा दोष म्हणून मी वहीत लिहिणार होतो, इतक्यात लक्षात आले की तो दोष नाहीच. सरळ रेष सरळ ठेवायची तर कडेच्या वस्तू ताणल्याच जातात. जगातली सर्वांत महागडी रुंद लेन्सही तेच करील. वलीम्याच्या ग्रुप फोटोत कडेला उभे राहिलेले मामू नेहमी जाडे दिसतात, ते याचमुळे.

म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. रेषा वाकणे, कोपरा पुसट येणे, डावी बाजू मऊ असणे, हे लेन्सचे दोष. कडा ताणल्या जाणे, जवळची पायरी अवाढव्य आणि लांबची इवलीशी दिसणे, कॅमेरा वर केला की खांब एकमेकांकडे झुकणे, हे आपण कुठे आणि कसे उभे राहिलो त्याचे परिणाम. पहिल्या प्रकाराची जबाबदारी लेन्सवर. दुसऱ्याची जबाबदारी फोटो काढणाऱ्यावर.

मस्जिदीत परत

तपासणी झाल्यावर मस्जिदीत गेलो. सकाळी दाराच्या बाजूने ऊन येत होते आणि लेन्समधल्या त्या दुधी थराने अख्ख्या चित्रावर धुके पसरले. गावातल्या दोन पोरांनी दारावर सतरंजी धरली, तेव्हा काळा रंग काळा दिसू लागला. ट्रायपॉड, पाण्याची पातळी, एफ ८, २४ मिलिमीटर. भिंतीला टेकवून लाल-पांढरी रंगवलेली एक मीटरची काठी उभी केली. भिंतीचे दोन्ही कोपरे चौकटीत आले. मेहराबीची वेलबुट्टी पानापानाने वेगळी दिसली. वेलबुट्टीचा डावा भाग मधोमध घेऊन पुन्हा टिपला, म्हणजे लेन्सच्या वाईट बाजूला महत्त्वाचे काही जाणार नाही.

मग मोह झाला. २० वर झूम फिरवली, कॅमेरा खाली ठेवला आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे पाहिले. तो फोटो फार देखणा आला. खांबांची रांग लांबवर जात होती, तुळया पंख पसरल्यासारख्या. चार सफांची मस्जिद चाळीस सफांची वाटत होती.

पुढच्या जुम्म्यानंतर कमिटी बसली. मी फोटो लॅपटॉपवर दाखवले. तो फोटो आला तसा एक तरुण सदस्य म्हणाला, "इत्ती बड़ी मस्जिद है हमारी? फिर तोड़नेकी क्या जरूरत?" दोघे-तिघे मान डोलवू लागले.

मला ती मस्जिद वाचायला हवी होती. गप्प बसलो असतो तर कदाचित बैठकीचा रोख बदललाही असता. पण त्याच बैठकीतले बुजुर्ग दर जुम्म्याला बाहेर उन्हात चटईवर नमाज पढत होते. आत जागाच नसायची. फोटोतली मस्जिद मोठी होती, गावातली नव्हती. लेन्सने काही खोटे केले नव्हते. कोपऱ्यात खाली बसून, सर्वात रुंद टोकाला झूम फिरवून तो फोटो मी बनवला होता. मी सांगितले की हा फोटो मोजमापाला धरू नका. २४ वरचा, काठी असलेला फोटो उघडला, बावीस बाय सोळा हे माप सांगितले आणि मग माझे म्हणणे मांडले. जागा कमी आहे हे खरे, पण जुनी वास्तू ठेवून पुढे वाढवता येते का ते एकदा गवंड्याला विचारा.

विचारले. एका भिंतीचा पाया खचलेला निघाला. मस्जिद पाडली गेली. खांब उतरवून त्यातले काही मकतबच्या ओसरीला लावले, वेलबुट्टीचा एक तुकडा कमिटीने जपून ठेवला. माझ्या खरे बोलण्याने मस्जिद गेली का, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. पाया कसाही खचलेलाच होता. पण तो देखणा फोटो गप्प राहून पुढे केला असता, तर उरलेल्या सगळ्या फोटोंवर भरवसा कुणी का ठेवावा?

नजरेच्या चुका

इब्न अल-हैसम हे बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत कामाला आलेले विद्वान, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातले. डोळ्यातून किरण निघून वस्तूला भिडतात, ही जुनी समजूत मोडून त्यांनी प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो हे मांडले. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर अनेक दिवे ठेवून प्रत्येक दिव्याचा ठिपका भिंतीवर वेगळा पडतो आणि एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, हे त्यांनी करून दाखवले. कॅमेऱ्याच्या इतिहासात त्यांचे नाव येते ते यासाठी. आपण ते अभिमानाने सांगतो आणि तिथेच थांबतो.

त्यांच्या 'किताब अल-मनाझिर'चे सात भाग आहेत. त्यातला तिसरा पूर्ण भाग नजरेच्या चुकांवर आहे. वस्तू फार लांब असेल, उजेड कमी असेल, पाहायला वेळ थोडा असेल, डोळा आजारी असेल, तर काय चुकीचे दिसते याची तपशीलवार मांडणी. पाहण्याचे शास्त्र लिहिणाऱ्या माणसाला चुकांचे शास्त्रही तितकेच महत्त्वाचे वाटले. हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, १५७२ मध्ये बासेलला छापला गेला आणि युरोपातल्या भिंग घासणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचला.

मामूंच्या लेन्सबद्दलचा माझा निकाल त्याच वळणाचा आहे. २४ ते २८ वर, एफ ८ ला, ट्रायपॉडवर, उजेड पाठीशी ठेवून ती आजच्या २४ मेगापिक्सेलला पुरी पडते. २० वर ती प्रसंग सांगायला ठीक, माप सांगायला नाही. एफ २.८ आता निकडीच्या वेळीच वापरावे. नवे सेन्सर कमी उजेडातही चालतात, त्यामुळे त्याची गरज फिल्मच्या दिवसांइतकी उरलेली नाही. डावी बाजू पुसट आहे, ती तशीच राहील. नवी लेन्स हिच्यापेक्षा निर्दोष असेल यात शंका नाही. पण नवीच घ्यायची म्हणून थांबलो असतो तर मस्जिद आधी पडली असती. साक्षीदाराचे दोष आपल्याला ठाऊक असले, तर त्याची साक्ष घेता येते.

जिल्ह्यातल्या अनेक गावांत अशाच चार सफांच्या मस्जिदी, बारवा, समाध्या, वाडे पुढच्या काही वर्षांत पडणार आहेत. काही पडणे अटळ आहे. तुमच्या घरात, तालुक्याच्या एखाद्या बंद स्टुडिओत अशी जुनी लेन्स पडून असेल तर ती काढा. टॉर्च लावून पाहा, विटांच्या भिंतीसमोर बसवा आणि चुका वहीत लिहा. मग फोटो काढा. प्रत्येक फोटोसोबत गाव, तारीख, झूमचा आकडा, अ‍ॅपर्चर, भिंतीपासूनचे अंतर आणि टेपने घेतलेले माप नोंदवा. फोटोत एखादी काठी उभी करायला विसरू नका.

मस्जिदीच्या फोटोंचा एक संच कमिटीच्या कपाटात आहे, एक माझ्याकडे, एक मामूंकडे. मामूंना दिला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून मोठा प्रिंट डोळ्यांजवळ धरला आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "इधर झूट बोली."

"हौ मामू," मी म्हणालो, "पिछू लिखा है."

त्यांनी प्रिंट उलटा करून वाचला आणि लेन्स पुन्हा मलमलीत गुंडाळून माझ्या हातात दिली.